मोहाखालची डुकरं

शब्द टिकला की हक्क टिकतो. माणसं मरतात, राज्यं बदलतात, कागद पिवळे पडतात. पण दप्तरात एकदा शब्द उमटला की त्याच्या सावलीत दुबळ्यातल्या दुबळ्या माणसालाही ताठ उभं राहता येतं.

ही वाक्यं माझी नाहीत. माझ्या एका साहेबांची आहेत. बदलीच्या निरोपसमारंभात, गळ्यात झेंडूचा हार असताना, ते हे बोलले आणि बोलताना माझ्याकडे पाहून हसले. कारण ज्या शब्दावरून त्यांना हा साक्षात्कार झाला होता, तो शब्द मीच त्यांना उलगडून दिला होता. मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतला अनुभव मागितला तेव्हा त्यांना वाघ अपेक्षित असावा. जंगल खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे लोक वाघच मागतात. मी नोकरीत एकच वाघ पाहिला, तोही मेलेला, पंचनाम्यापुरता. माझा अनुभव डुकरांचा आहे. वस्तीचं नाव आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. डुकरांना नावं नव्हती.

मी यवतमाळला एका कचेरीत रेकॉर्डकीपर होतो. रेकॉर्डकीपर म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. जंगल कोणी राखायचं, लाकूड कोणी तोडायचं, हे ठरवणारे लोक वेगळे. आधी काय ठरलं होतं हे ज्याला ठाऊक असतं आणि ज्याला कोणी विचारत नाही, तो रेकॉर्डकीपर. तांबड्या कापडात बांधलेले बस्ते, त्यांत मिसली, म्हणजे प्रकरणांच्या फायली, मिसलीत कागद आणि कागदांत ते कुरतडणारी कसर. कामाची पहिली अट संशय. समोर आलेला प्रत्येक कागद खोटा आहे असं धरायचं आणि मग तो खरा ठरतो का ते पाहायचं. शाई एका वेळची आहे का, शिवणीचा दोरा अक्षरावरून गेलाय की अक्षर दोऱ्यावरून, पान मागाहून चिकटवलंय का. एकदा दारव्ह्याकडचे एक गृहस्थ आजोबांच्या नावची सनद घेऊन आले. कागद असा जुनापुराणा, तपकिरी, की पाहताच हात जोडावेत. मी त्यांना सांगितलं, दोन दिवस ठेवून जा. तिसऱ्या दिवशी सनदेला मुंग्या लागल्या होत्या. कागद जुना दिसावा म्हणून त्यांनी तो चहात बुडवला होता आणि चहा घरचाच, साखरेचा. गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही फार संशयी आहात." मी ती शाबासकी समजलो.

या संशयाचा मला अभिमान होता. तो कुठं कमी पडला, ते पुढे येईलच.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात एका सकाळी आम्ही मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेलो. आमची टेबलं जागच्या जागीच होती. फक्त छापील कागदांवरचं जुन्या राज्याचं नाव खोडून नवं लिहायचा हुकूम आला आणि महिनाभर आम्ही तेच केलं. नव्या राज्याबरोबर नवे साहेब आले. घाटापलीकडचे, हुशार, कामसू, पैशाला न शिवणारे. त्यांचा एकच सिद्धांत होता : नागपुराकडून आलेल्या प्रत्येक कागदात काहीतरी लबाडी आहे, फक्त ती अजून सापडलेली नाही. त्यांनी हुकूम काढला, की राखीव जंगलात गावांना दिलेले सगळे जुने हक्क नव्याने तपासा. खरा तो ठेवा, खोटा तो काढा.

घाटंजीकडच्या एका राखीव जंगलाच्या जुन्या रजिस्टरात तो शब्द निघाला.

जंगल राखीव करताना कोणा इंग्रज अधिकाऱ्याने हे रजिस्टर केलं होतं. अक्षर मोत्यासारखं. अकरा घरांचं एक कोलामांचं पोड. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, जंगलाच्या कडेला, गावापासून फटकून. त्या पोडाच्या नावासमोर इंग्रजीत लिहिलं होतं : पॅनेज. पुढे तपशील. मोहाची फुलं गळण्याच्या हंगामात, उजव्या कानाला दोन खाचा असलेली पोडाची डुकरं जंगलाच्या अमुक कक्षात जाऊ द्यावीत. त्या बदल्यात पोडाने दर माघात जंगलाच्या कडेची जाळरेषा झाडून साफ ठेवावी. जाळरेषा म्हणजे गवत-पाचोळा काढून उघडा केलेला पट्टा. वणवा आला तर त्याने तिथे थांबावं अशी अपेक्षा असते.

साहेबांनी तो शब्द तीनदा वाचला.

"हा शब्द इंग्रजीत नाही," ते म्हणाले.

"असेलही, साहेब."

"मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालोय."

कचेरीत एक खिशात मावणारी डिक्शनरी होती, तिच्यात शब्द मिळाला नाही. साहेबांचा चेहरा उजळला. लबाडी सापडली होती. मागाहून कोणीतरी, बहुधा लाच खाऊन, हा शब्द घुसडला असला पाहिजे. मी सांगितलं की शाई त्याच वेळची आहे, दोरा अक्षराखालून गेलेला नाही, वरच्या-खालच्या ओळी त्याच हातच्या आहेत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता त्यांना माझाही संशय येऊ लागला होता, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही आला असता.

"पंधरा दिवस देतो," ते म्हणाले. "शब्द सिद्ध करा. नाहीतर नोंद काढून टाका."

नोकरीत मला कोणी दिलेलं ते सर्वांत सुखाचं काम. हायस्कूलच्या हेडमास्तरांकडे कपाटात कुलूपबंद असलेला एक मोठा इंग्रजी कोश होता. तो दोन शिपायांनी टेबलावर आणून ठेवला. शब्द त्यात निघाला. अर्थ : रानात डुकरं चारणं, तसं चारण्याचा हक्क. समोर लिहिलं होतं, 'जुना'. साहेबांना एक साक्षीदार पुरणार नाही हे ओळखून मी मिशनातल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे गेलो. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं, फक्त ते फार हळू बोलत.

पाद्रीबाबा शब्द ऐकून एकदम खुलले. त्यांच्या आजोळच्या गावाला ओक झाडांचं रान होतं. पावसाळी थंडी सुरू झाली की झाडांवरून टणक फळं गळायची आणि गावातले लोक आपापली डुकरं रानात सोडायचे. राजाचं रान, पण डुकरं रयतेची. आठशे वर्षांपूर्वीपासूनची चाल. शब्द फ्रेंचांकडून आला, त्यांना लॅटिनकडून. मुळात अर्थ एवढाच, की चारणं, खाऊ घालणं.

"आणि आम्हां पाद्र्यांना इंग्रजीत पास्टर म्हणतात, तोही शब्द त्याच मुळातला," ते म्हणाले. "चारणारा. म्हणजे मी आणि हा डुकरांचा हक्क एकाच घराण्यातले. तीस वर्षं इथं उपदेश करतोय, पण माझं कूळ आज तुम्ही काढलंत."

आम्ही दोघं पुष्कळ हसलो. तो इंग्रज अधिकारी माझ्या डोळ्यांसमोर आला. फाल्गुनात घोड्यावरून इथल्या जंगलात फिरताना त्याला मोहाखाली डुकरं दिसली असतील. टपोरी, पिवळट, रसाळ फुलं खाऊन सुस्तावलेली. त्याला एकदम घर आठवलं असेल. हुकूम लिहायला बसला तेव्हा हात आपोआप त्याच्या गावच्या शब्दाकडे गेला असेल. पुढे वणीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक धावू लागले, राज्यं बदलली, पण तो शब्द आमच्या बस्त्यात धूळ खात पडून राहिला.

निघताना पाद्रीबाबा म्हणाले, "शब्दाला विचारून झालं. आता ज्यांची डुकरं आहेत त्यांनाही एकदा विचारा."

मी हो म्हणालो. विचारलं नाही. मला टिपण लिहायची घाई झाली होती.

टिपण चार पानांचं झालं. आयुष्यात मी तेवढं चांगलं दुसरं काही लिहिलं नाही. साहेबांनी ते वाचून आधी विचारलं, "या पाद्र्याला त्या पोडात काय रस आहे?" मी सांगितलं, त्यांनी ते पोड पाहिलेलंही नाही. मग हेडमास्तरांचा कोश मागवून साहेबांनी स्वतः शब्द काढला आणि तिथे मात्र ते पुरते विरघळले. दोन दिवस कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला ते तो शब्द ऐकवत होते. कंत्राटदार मान डोलवत. एकाने "वा!" म्हटलं.

पण साहेब ते साहेबच. तिसऱ्या दिवशी त्यांनी टिपणावर शेरा मारला : शब्द खरा. हक्काची वहिवाट आज चालू आहे का, ते प्रत्यक्ष डुकरे पाहून ठरवावे. वहिवाट नसल्यास हक्क रद्द. खाली अधोरेखित करून : पूर्वसूचना देऊ नये, दिल्यास डुकरे उसनी आणतील.

मी जन्मात कोणी उसनी डुकरं आणल्याचं ऐकलं नव्हतं. पण शेऱ्यातला धोका मला दिसला. मोह गळायला लागला होता. डुकरं दिवसा जंगलात पांगलेली असणार, माणसं फुलं वेचायला गेलेली. साहेब पोडावर जाणार, कोणी भेटणार नाही, एकही डुक्कर दिसणार नाही, आणि माझी चार पानं, आठशे वर्षांचा शब्द आणि अकरा घरांचा हंगाम एका शेऱ्यात संपणार. त्या लोकांचं वर्षाचं मांस, देवाला द्यायचं जनावर, अडीअडचणीला विकायचं जनावर, सगळं तेच. म्हणून मी नोकरीत पहिल्यांदा आणि शेवटी हुकूम मोडला. पोडाला निरोप द्यायचं ठरवलं.

घाटंजीच्या बाजारात त्या पोडावरची भीमबाई बसायची. माणकू नाईकाची सासू. नाईक म्हणजे पोडाचा प्रमुख. भीमबाई सुपं-टोपल्या विकायची. मी जवळ जाऊन एक सूप उचललं.

"सूप कायले पाहता, बाबूजी?" ती म्हणाली. "दिवाळीत दोन नेले ना. बायको तांदूळ पाखडते का तुमाले पाखडते?"

बाजूच्या बाया हसल्या. मी वाकून हळूच म्हटलं, "भीमबाई, नाईकाले सांग. सोमवारी मोठे साहेब येऊन राह्यले पोडावर. डुकरं पाहाले. कोणाले बोलू नको."

तिचा हसरा चेहरा जागीच मिटला. "डुकरं पाहाले? काहून?"

मी सांगणारच होतो. पण तेवढ्यात त्या भागाचा नाकेदार, म्हणजे जंगलाचा पहारेकरी, खाकी सदऱ्याची बटणं लावत बाजारातून येताना दिसला. त्याने मला कोलामांशी कुजबुजताना पाहणं बरं नव्हतं. "मंग समजते," एवढं म्हणून मी सूप घेतलं आणि चालता झालो. घरात तिसरं सूप पाहून बायकोने मला काय विचारलं ते इथं लिहीत नाही.

एका शब्दाचा अर्थ लावायला मी पंधरा दिवस, एक कोश आणि एक पाद्री खर्ची घातला होता. ज्यांचा हक्क त्यांना मी दोन वाक्यं दिली, आणि 'कोणाले बोलू नको' ही ताकीद वर.

सोमवारी जीप पोडावर पोचली. साहेब, मी आणि नाकेदार. पोड असं स्वच्छ की नजर ठरेना. अंगणं सारवलेली, बांबूची कुडं झाडलेली. अकरा घरांची सगळी माणसं ओळीत उभी. फाल्गुनात, ऐन मोहाच्या दिवसांत, भर सकाळी, एकही माणूस जंगलात गेलेला नव्हता. मला आनंद झाला. निरोप पोचला होता.

मग माझं लक्ष गेलं, की घरांच्या मागे डुकरांची बुटकी खोपी होती ती धुऊन काढलेली होती आणि त्यांत सरपण रचलं होतं. एकाही खोप्यात डुक्कर नव्हतं. शेवटच्या खोप्यात भीमबाई गुडघ्यांत मान घालून बसली होती आणि टोपली विणत होती.

साहेब वाकून पाहू लागले. "हे काय आहे?"

"घर हाय, साहेब," माणकू नाईक म्हणाला. उंच, हडकुळा माणूस, डोक्याला मळकं मुंडासं.

"एवढ्या बुटक्या घरात कोण राहतं?"

"सासू."

आतून भीमबाई म्हणाली, "मोठ्या घरात हा राह्यते."

साहेब हसले नाहीत. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"तुमच्याकडे डुकरं किती?"

"डुकरं?" माणकूने सगळ्यांकडे पाहिलं, जणू हा प्राणी कोणी ऐकलाय का असं विचारत होता. "नाही जी. आमी डुकरं पाळत नाही."

"आधी होती?"

"नाही. बापाच्या टायमालेबी नव्हती."

तेवढ्यात नाल्याकडून डुकराची किंकाळी आली. लांब, चिरकी, मध्येच कोणीतरी थोबाड दाबल्यासारखी तुटलेली. सगळं पोड नाल्याकडे न पाहण्याची काळजी घेत होतं.

"ते काय?" साहेब.

"रानडुक्कर, साहेब."

"दिवसाढवळ्या?"

"यंदा लय माजले."

साहेब नाकेदाराकडे वळले. नाकेदार म्हणाला, "हाव जी, रानडुकरंच." त्याला दर सणाला पोडाकडून एक पिल्लू मिळत होतं, हे मला नंतर कळलं. तो हक्क रजिस्टरात नव्हता आणि त्याची चौकशी व्हावी असं नाकेदाराला वाटत नव्हतं.

मी "पंच गोळा करतो" म्हणून माणकूला बाजूला, मोहाच्या झाडामागे घेतलं. तो माझ्याकडे पाहून डोळ्यांनी हसला. आम्ही दोघांनी मिळून साहेबांना बनवलं, असं त्याला वाटत होतं.

"नाईक, काय केलं तुमी हे? डुकरं आणा बाहेर."

त्याचं हसू गेलं.

"साहेबानं डुकरं पाह्यली तर तुमचा हक्क राहते. नाही पाह्यली तर जाते. कागदावर हाय तुमचा हक्क, इंग्रजाच्या टायमाचा. मीच शोधला."

माणकू मागे सरला. "बाबूजी, परवा तुमीच निरोप धाडला ना?"

"हाव. डुकरं दाखवाले धाडला."

"दाखवाले?" तो माझ्याकडे असा पाहू लागला, जसा मी त्या चहातल्या सनदेकडे पाहिलं होतं. "दाखवाले धाडला, तं बाजारात चोरून कायले सांगतलं?"

मी साहेबांकडे वळून पाहिलं.

"साहेबानं तुमाले पलटवलं," तो म्हणाला. रागाने नाही, कीव आल्यासारखं. "आमी टेकडीवर जवारी पेरत व्हतो. साहेब आला, म्हने पाहाले आलो. पाह्यली, गेली टेकडी. मोहाची दारू काढत व्हतो, देवापुरती. साहेबानं पाह्यली, मडकेबी गेले. माह्या भावानं बंदूक ठेवली व्हती, तिनं कधी ससाबी मारला नाही. पाह्यली, भाऊबी गेला सहा महिने. सरकारनं जे पाह्यलं ते गेलं, बाबूजी. राह्यलेलं एकतरी सांगा."

मी आठवू लागलो. माझ्या ताब्यात त्या भागाचे पन्नास वर्षांचे बस्ते होते. मला एकही आठवलं नाही.

"या बारी येगळं हाय, नाईक," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"हरबारी येगळंच रायते," माणकू म्हणाला आणि ओळीत जाऊन उभा राहिला.

मी साहेबांना तिथल्या तिथं सांगू शकलो असतो, की नाल्यात डुकरं आहेत, चला, दाखवतो. सांगितलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, यांनी लपवली का. यांना कोणी कळवलं. माझी नोकरी गेली असती कदाचित. पण मी नोकरीसाठी गप्प बसलो असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. अकरा घरांचे डोळे माझ्यावर होते आणि त्या डोळ्यांत एकच प्रश्न होता : हा आता नाल्याकडे बोट करतो का. मी केलं नाही. त्यांचा विश्वास राखला आणि हक्क घालवला.

पंचनामा माझ्याच अक्षरात आहे. 'समक्ष पाहणी केली. डुकरे आढळली नाहीत. पूर्वीही नसल्याचे सर्व रहिवासी एकमुखाने सांगतात. नाल्याच्या बाजूस रानडुकरांचा वावर आहे.' खाली अकरा अंगठे. माणकूने अंगठा उठवला तेव्हा तो मला उपकार केल्यासारखा वाटत होता, की माझ्यावर सूड घेतल्यासारखा, ते अजून ठरवता आलेलं नाही.

हक्क रद्द झाल्याचा कागद पोडावर गेला असेल. तो वाचून दाखवायला कोणी गेलं नसणार. साहेब पाहून गेले आणि या वेळी काहीच नेलं नाही, म्हणून पोडाने देवाला कोंबडं दिलं आणि आठवड्याने डुकरं नेहमीसारखी मोहाखाली सोडली. माणकूच्या पोडाची रीत अशी, की पहाटेचा मोह बायांनी वेचायचा. ऊन चढलं की उरलेल्यावर डुकरं. पुढे एक म्हातारी डुकरी, मागे बाकीची. त्या दिवशी कक्षाच्या तोंडावर नाकेदार उभा होता. हक्क गेल्यावर पिल्लाचा करारही संपला असं त्याला वाटलं असावं, किंवा वरून दाब आला असावा. त्याने सगळा कळप घाटंजीच्या कोंडवाड्यात नेला. तिथून तो लिलावात गेला. म्हातारी डुकरी सुद्धा.

मी फेरचौकशीचं टिपण ठेवलं : पोडात डुकरे असल्याचे आता उघड झाले आहे, कानांस दोन खाचा आहेत, रजिस्टरातील वर्णनाशी जुळतात. साहेबांनी त्यावर शेरा लिहिला. शेरा छोटा होता : 'अपेक्षेप्रमाणे उसनी आणलेली दिसतात.'

वैशाखात माणकू यवतमाळला आला. कचेरीच्या दारात वहाणा काढून उभा राहिला. मी त्याला आत घेतला, स्टुलावर बसवला, बस्ता सोडला आणि रजिस्टर उघडून त्याच्यासमोर ठेवलं. हक्काच्या ओळीवर आता तांबड्या शाईची रेघ होती, तीही माझ्याच हातची.

त्याने शब्दाशेजारी बोट ठेवलं, शब्दाला न लावता.

"हेच?"

"हाव."

"काय लिवलं हाय?"

मी सांगितलं. ओकाचं रान सांगितलं, राजा सांगितला, आठशे वर्षं सांगितली. फ्रेंच आणि लॅटिन मात्र गाळलं. मला वाटलं होतं की तो चिडेल किंवा रडेल. त्याने लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे मोहा पडला की डुकरं जातात, एवढंच ना?"

"एवढंच."

"हे पाहाले तुमाले किती दिवस लागले?"

"पंधरा."

त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. "मले इचारलं असतं तं उभ्या उभ्या सांगतलं असतं."

"तुमच्या बोलीत काय म्हणता याले?" मी विचारलं. हा प्रश्न मी तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता.

"काहीच नाही म्हनत," माणकू म्हणाला. "डुकरं जातात. त्याले नाव कायले पाह्यजे?"

त्याने वहाणा घातल्या. दारातून वळून म्हणाला, "बाबूजी, आता माघात रेषा झाडाची का नाही झाडाची?"

रजिस्टराप्रमाणे रेषा झाडणं हे हक्काच्या बदल्यात होतं. हक्क नाही तर रेषा नाही. मी तसं सांगितलं. त्या दिवशी त्याला दिलेलं हे एकच उत्तर नियमाला धरून होतं. पुढच्या चैत्रात वणवा ती न झाडलेली रेषा सहज ओलांडून सागाच्या नव्या रोपवनात शिरला. अहवालात कारणासमोर 'अज्ञात' असं लिहिलं गेलं. तो अहवालही मीच फाइलला लावला.

साहेबांचं त्या शब्दावरचं प्रेम मात्र कमी झालं नाही. हक्क काढला म्हणून शब्द टाकायचा नसतो, असं त्यांचं मत. जंगलातल्या चराईचं वार्षिक पत्रक नव्याने छापायचं ठरलं तेव्हा गाय, म्हैस, शेळी, मेंढी वगैरे रकान्यांच्या पुढे त्यांनी आग्रहाने एक रकाना वाढवून घेतला. सातवा. मथळा : पॅनेज. वरच्या कचेरीतून कोणी त्याचा अर्थ विचारला नाही. बहुधा प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याला ठाऊक असेल. त्यानंतर दोन महिन्यांनी साहेबांची बदली झाली आणि तो हार, ते भाषण आणि त्या टाळ्या झाल्या.

साठ साली राज्याचं नाव पुन्हा बदललं. पत्रकं पुन्हा छापली. सातवा रकाना राहिला.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी नव्या साहेबांबरोबर घाटंजीकडे दौऱ्यावर होतो. डाकबंगल्याच्या व्हरांड्यात बसून मी वार्षिक पत्रक भरत होतो. सकाळचं ऊन चढलं होतं. आवारात एक मोठा मोह आहे, त्याखाली सहा डुकरं फुलं खात होती. पुढे एक जाड डुकरी होती. सगळ्यांच्या उजव्या कानाला दोन खाचा होत्या. नवे साहेब बाजूला दाढी करत होते. त्यांनी आरशातून डुकरांकडे पाहिलं आणि पुन्हा गालाकडे पाहिलं.

मी सातव्या रकान्यात 'निरंक' लिहिलं.